दाजींच्या मोटारीवरची कच

कऱ्हाडजवळून, चैत्र १९४७

तीर्थस्वरूप लालासाहेब दाजींच्या पायाशी मेहुणा हरिबाचा दंडवत. आक्काची कंबर मुंबईच्या हवेत कशी हाय ते लिहावे. आमी सगळी ठीक.

तुमची नवी मोटार मालगाडीच्या उघड्या वाघिणीतनं स्टेशनावर उतरली, ती बैलजोडी लावून आमच्या अंगणात आणली. "मी येईपर्यंत गाडीला कुणी हात लावायचा न्हाई," हे तुमचं पत्र हात लावल्यावर पोचलं (यात टपालाचा दोष, माझा न्हाई). धुतली तर आरशावाणी चमकली. पण वरनं तळवा फिरवला, तर रंग मांजराच्या जिभेवाणी खरखरीत. अंबूबाई म्हणाली, "डोळ्याला दिसंना, ते बोटाला कसं लागतंय?" दाजी, बायकोच्या या एका प्रश्नापायी मला चार दिवस जेवण गोड लागलं न्हाई.

वाटेत खालच्या अंगाला लागलेलं डांबर रॉकेलच्या बोळ्यानं निघालं, पण खरखर काय हलंना. शेजारचे नानासो विटकरीची भुकटी घेऊन घासायला आले, त्यांना चहा पाजून परत धाडलं. शेवटी विट्याचा आकाराम (मद्रासला सोनं गाळायच्या दुकानात असतो) पाहुणा म्हणून आला. त्यानं नखानं थोडी कच कागदावर उतरवली आणि खालनं लोहचुंबक फिरवलं. कच कागदावर चालायला लागली. लोखंड हो, दाजी. आगगाडीच्या चाकांचा कीस उडून रंगात रुतला होता. आमी दोघं बाप्ये तासभर नुसती ती कच चालवत बसलो.

अंबूबाई तवा पुरणपोळीची कणीक तिंबत होती. तिनं तेलाचा हात लावलेला मऊ गोळा मोटारीच्या ओल्या दारावर हळूच फिरवला आणि उलटा करून बघितला. गोळा करडा झालेला आणि दार लोण्यावाणी. मग मी पण बसलो. सगळी कणीक गाडीला लागली, पोळ्या झाल्या न्हाईत. फटीत राहिलेली कणीक टिपायला कोंबड्या बॉनेटवर चढल्या, त्यांच्या चोचींचे सात बारीक ओरखडे डाव्या अंगाला हायेत. बाकी गाडीवर माशी बसली तर घसरंल.

रागावला तर पत्रातच रागवावे, आक्काला सांगू नये.

तुमचा,
हरिबा

ता. क. तुमी मुंबईहून ड्रायव्हर धाडणार असं कळलं. पलटणीत मी चार वर्षं लॉरी हाकली, त्यातली दोन ब्रह्मदेशाच्या चिखलात. सुटून आल्यापासून स्टेरिंगला हात लावायला मिळाला न्हाई. ड्रायव्हर राहू द्यावा, किल्ली तेवढी धाडावी.

दुसरा ता. क. अंबूबाई सकाळपासनं मागल्या सीटवर बसून हाय. माहेरला न्यायचं कबूल केल्याबिगर उतरणार न्हाई म्हणते. माहेर दहिवडी, इथनं चाळीस मैल. मी कबूल केलंय.