पोस्टरपुढची गर्दी

ती. भाऊसाहेबांस साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, प्रत्यक्ष वाकलो तर नव्या कोटाची शिवण जाईल).

विज्ञान परिषदेत आमच्या धाकटीच्या पोस्टरपुढे उभं राहायला मला काय किंमत पडली, ते आधी सांगतो. आत शिरायला मिळावं म्हणून परिषदेला आपल्या दुकानातून खरेदीभावात दिलेल्या चारशे पिशव्या, हा कोट, आणि तुमच्या भगिनीला मारलेली एक थाप, की पिशव्यांना लावायच्या चेन विकणाऱ्या व्यापाऱ्याकडे चाललोय. पिशव्या आणि कोट परवडले. थाप अजून फिटायची आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला? आमच्याकडे सगळं ठीक, निदान हे पत्र लिहीपर्यंत.

परिषद होती प्रथिनांना फॉस्फेट चिकटण्यावर आणि पेशीतल्या निरोपांवर. घाबरू नका, मीही घाबरलो होतो. धाकटीने समजावलं ते असं: पेशीच्या दाराशी बाहेरून निरोप येतो. आतलं एक प्रथिन दुसऱ्याला फॉस्फेटचा तुकडा चिकटवतं, की ते जागं होतं. ते तिसऱ्याला जागं करतं, आणि निरोप पार आतल्या खोलीत पोचतो. (तुमच्याकडे नाही का, आईसाहेबांना चहा हवा असला की थोरल्या सुनेला खूण, थोरलीचं मधलीला कोपर आणि मधलीची स्वयंपाकघरात हाक!) काम झालं की तो तुकडा कोणीतरी काढायला हवा, नाहीतर चहा येतच राहील. एका प्रथिनावरचा तुकडा नेमकं कोण काढतं, हे आपल्या पोरीने शोधलंय.

तर एका मोठ्या दालनात ओळीने पोस्टरं टांगलेली आणि प्रत्येकाशेजारी त्याचा धनी उभा, गिऱ्हाइकाची वाट बघत. मला एकदम बाजारात आल्यासारखं मोकळं वाटलं. धाकटीची जागा मात्र अगदी कोपऱ्यात, पिण्याच्या पाण्याच्या यंत्रापाशी. लोक येत, पेला भरत, चालू लागत. तिला गाठायचे होते ते पांढऱ्या मिशांचे एक बडे प्राध्यापक. त्यांच्या प्रयोगशाळेत एकच जागा रिकामी, आणि ते संध्याकाळच्या विमानाने परत जाणार. ती हुकली तर तुमच्या भगिनीने ठरवून ठेवलेली शाळेतली नोकरी, जिच्या नुसत्या उल्लेखाने पोरीचं जेवण बंद होतं.

मी हातगाडीवर पिशव्या विकायचो तेव्हा गाडीपुढे चिटपाखरू नसलं की माझा मित्रच गिऱ्हाईक होऊन यायचा आणि मोठमोठ्याने घासाघीस करायचा. माणूस माणसाला बघून थांबतो. मी छातीवरचं ओळखपत्र उलटं केलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि पोस्टरपुढे जाऊन कडाडलो, "अहो बाई, हे मला मुळीच पटलेलं नाही!"

धाकटी दातांतल्या दातांत म्हणाली, "बाबा, जा ना इथून."

"आणि तुकडा निघालाच नाही तर?"

"तर पेशी वाढतच राहील. बाबा, पाया पडते तुमच्या."

"पुरावा दाखवा, पुरावा!"

एक टक्कलवाले थांबले, ते माझ्या बाजूने. मग एक उंच बाई थांबल्या, त्या टक्कलवाल्यांच्या विरुद्ध (फार वर्षांपासून असाव्यात). बघता बघता ही झुंबड! धाकटीही रंगली. आकृतीवर बोट ठेवून एकेकाला अशी गप्प करत होती, की माझी छाती कोटात मावेना. एकाने मला अदबीने विचारलं, आपली प्रयोगशाळा कुठे? म्हटलं, भर बाजारात, तीन मजली (आपलं पिशव्यांचं दुकान, दुसरं काय). तो बिचारा आणखी अदबीने मागे सरकला.

आणि थोड्या वेळाने बघतो तर मिशा आणि धाकटी चहाच्या टेबलापाशी हसत बोलताहेत. जागा मिळाली, भाऊसाहेब! तीन वर्षांची! आता कोणी काही म्हणो, गर्दी जमवली ती मी. गर्दी बघून मिशा आल्या, आणि मिशा आल्या म्हणून जागा आली. ही साखळी तरी मला कोणी समजावून द्यायला नको.

आपला,
हातगाडीवाला मेहुणा

ता. क. तुमच्या भगिनीला यातलं अजून काही ठाऊक नाही, आणि पोरगी पुढच्या महिन्यात निघायची आहे. तुमची भगिनी ऐकते ते फक्त तुमचं. रविवारी सहज आल्यासारखे या, आधी त्या शाळेला चार नावं ठेवा, मग हळूच विषय काढा. मी त्या वेळी चेनवाल्याकडे असेन.

आणखी एक. धाकटीने आत्ताच हे पत्र वाचलं आणि म्हणाली, खरं ते लिहा. मिशांनी तिचा शोधनिबंध परिषदेला येण्याआधीच वाचला होता. ते तिचंच पोस्टर बघायला आले होते. माझ्या गर्दीमागे बराच वेळ टाचा उंचावून उभे राहिले, काही दिसेना, म्हणून चहाला गेले. पोस्टर त्यांनी अजून पाहिलेलं नाही.