एका भेटीचा एकच गुण

प्रिय ताई,

आईला तुझ्याकडे न्यायच्या संमतीचा कागद तू पाठवलास त्याला दोन महिने झाले. मी दर आठवड्याला भेटतोय की, मग तिला इथून हलवायचं कशाला, असं म्हणून मी तो अडवून धरला. फोनवर आपण भांडतोच, म्हणून लिहितोय. राग नाही आलेला. खरं सांगायचं तर हल्ली काहीच येत नाही, ना राग ना रडू.

तू नेहमी चिडवतेस, एवढा घोडा झालास आणि गेम खेळायचा पगार घेतोस. अगं, खेळत नाही, गेममधल्या माणसांचे दिवस आखतो. आमच्या गेममध्ये खेळाडू एका गावात वर्षभर राहतो. दिवसाचे तीन भाग: सकाळ, दुपार, संध्याकाळ. एका भागात एकच काम. तलवार शिका, राक्षस मारा, नाहीतर कुणाला तरी भेटा. भेटलं की त्या माणसाचा जिव्हाळा वाढतो आणि दहा गुण झाले की तो लढाईत तुमच्या बाजूने उभा राहतो. सुरुवातीला गेम तपासून बघणारे आमचे टेस्टर लोक एकालाच चिकटून बसायचे आणि एका दुपारीत दहाच्या दहा गुण उकळायचे. म्हणून मी नियम घातला, एका भेटीला एकच गुण. समोरचा हसला की तो मिळाला, पुढे कितीही बसा, पदरात काही पडायचं नाही. ऑफिसात तो नियम सगळ्यांनी डोक्यावर घेतला. टेस्टर हसू दिसलं की लगेच उठायला लागले.

मीसुद्धा उठायला लागलो होतो, ते माझ्या लक्षात आलं नाही. गुरुवारी दुपारी, आजारपणामुळे आईला ठेवलंय त्या संस्थेत जायचो, खुर्ची ओढायचो, शाळेच्या नाटकात तू झाड झाली होतीस आणि ऐन वेळी शिंकलीस तो किस्सा सांगायचो. आई हसली की मी पिशवी उचलायचो. मनात काम झालेलं असायचं. तिथे दाराशी येण्याजाण्याच्या वेळा लिहायची वही असते. एकदा मागची पानं चाळली. अकरा मिनिटं, नऊ, बारा. वाईट वाटायला हवं होतं. मी वही मिटली आणि पेन परत दिलं.

गेला दीड महिना मात्र आई हसेना. मी तासतासभर बसायचो, किस्से संपायचे, आणि ती ओठ घट्ट मिटून माझ्या बाहीचं बटण चाचपत राहायची. मला वाटलं, आजार वाढला. तुला मुद्दाम कळवलं नाही, कारण कळल्यावर तू एक दिवस थांबली नसतीस.

या गुरुवारी मी तिथल्या नर्सबाईंना विचारलं की ही हल्ली कधीच हसत नाही का. त्या चकित झाल्या. दिवसभर हसते म्हणाल्या, शेजारच्या पलंगावरच्या आजींनाही हसवते. फक्त मी यायच्या दिवशी जेवण झाल्यापासून तोंड आवळून बसते. त्यांनी एकदा तिला कारण विचारलं होतं. हसले की तो निघतो, म्हणाली. ताई, सही केलेला कागद सोबत जोडलाय. तिला घेऊन जा. तुझ्यासमोर तिला बिनधास्त हसता येईल.

तुझाच,
ठोंब्या