अर्थ लागला का

आबा, तुम्ही जाऊन आता वीस वर्षं होत आली आणि मिरजगावच्या रस्त्यावरचं आपलं दुकान मी अजून चालवते. तुमचं स्टूल अजून डुगडुगतं. अख्ख्या तालुक्याच्या गाड्यांची वायरिंग करायला तुम्हाला वेळ होता, स्टुलाच्या पायाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. नव्वदच्या दशकातल्या त्या उन्हाळ्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे. मी सासर सोडून पाथर्डीहून परत आले होते. नवरा हात उचलायचा. हे मी फक्त आईला सांगितलं होतं आणि आईचं म्हणणं, 'पुरुष हाय, निवंल हळूहळू.' तुम्ही काहीच विचारलं नाहीत. चौथ्या दिवशी माझ्या हातात करंट तपासायचा नवा टेस्ट लॅम्प ठेवलात आणि म्हणालात, 'घरात बसून काय करती, चल.' लेकीला असली भेट देणारा बाप मी दुसरा पाहिला नाही. मला ती कुठल्याही साडीपेक्षा आवडली होती.

चार महिने बरे गेले आणि मग सासरचं पत्र आलं, पाडवा झाला की मुलीला नांदायला पाठवा. आईनं लगेच माझी पिशवी भरायला घेतली. तुम्ही पत्र खिशात घालून दुकानाकडे निघालात, मागोमाग मी. बापलेकीनं असल्या गोष्टी बोलायची आपल्याकडे रीतच नव्हती. मी तोंड उघडलं नाही तर आठवड्याभरात पाथर्डीच्या एसटीत बसलेली असेन, हे मला लख्ख दिसत होतं, आणि तोंड काही उघडत नव्हतं.

आणि नेमकी त्याच सकाळी जामखेडच्या डॉक्टरांची पांढरी गाडी येते. एसीचा वारा भरपूर, गार मात्र अजिबात नाही. कुणीतरी त्यांना कॉम्प्रेसरच बदला म्हणून सांगितलेलं. गाडी चालू ठेवून मी बॉनेट उघडते. फ्यूज ठीक आहे, रिले वाजतोय, गॅस कमी झाला की एसी बंद करणारा स्विचही ठीक. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावून कॉम्प्रेसरला करंट देणारी वायर तपासते, तर दिवा झकास पेटतो. म्हणजे करंट तिथवर पोचतोय, तरी कॉम्प्रेसर हूं की चूं करत नाही. मी डोकं खाजवत उभी. तुम्ही स्टुलावरून विचारता, 'अर्थ लागला का गं?'

आलेला करंट ज्या वायरीतून माघारी जातो ती अर्थिंगची वायर, आणि तिला आपल्या धंद्यात सगळे नुसतं अर्थ म्हणतात. मी पाना खाली ठेवला. तुमच्याकडे न बघता म्हणाले, 'लागला. मला न्हाई जायचं तिकडं. त्यो मारतो मला.'

डॉक्टर बिचारे रस्त्याकडे बघायला लागले. तुमचं स्टूल डुगडुगलं. मग म्हणालात, 'मी वायरीचं इचारत हुतो, पोरी.' उठून चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावलात, टोक कॉम्प्रेसरच्या अर्थला टेकवलंत. दिवा पेटला नाही. वायर जिथं बोल्टाखाली आवळली होती तिथं सगळा गंज. 'बॅटरीचा अर्थ घिऊन तपासती व्हय? ह्या वायरीचा कोन बघनार?' असे रागावलात, पण आवाज तुमचा ठिकाणावर नव्हता. मी पॉलिश पेपरनं घासलं, बोल्ट आवळला, आणि कॉम्प्रेसर टक् करून लागला. डॉक्टरांनी काचा वर केल्या.

संध्याकाळी माझी भरलेली पिशवी तुम्ही स्वतः रिकामी केलीत, साड्या घडी न घालताच फळीवर कोंबल्यात आणि आईला म्हणालात, 'दुकानात लागती मला ती.' मी चुलीपुढं रडत होते. तुम्हाला ते दिसत होतं आणि तुम्ही तांब्या शोधत असल्याचं सोंग करत होता. तेव्हा तुमच्याबद्दल जी माया दाटून आली ती आजही तशीच आहे, तुम्हाला सांगायची तेवढी राहिली.

पुढं तुम्ही ही गोष्ट, मारण्याचं तेवढं वगळून, पाव्हण्यारावळ्यांना हसत सांगायचात. 'इचारलं वायरीचं, तर ही घरचंच सांगत बसली.' सगळे हसायचे. मान खाली घालून मीही हसायचे.

हे पत्र कुठं जायचं नाही, आणि तुम्ही असता तर मी ते लिहिलंही नसतं. पण आबा, मला त्या दिवशी नीट ऐकू आलं होतं. तुम्ही वायरीचंच विचारताय, हे मला ठाऊक होतं.