शेवटच्या फेरीची घंटी

बप्पा,

जपानातून तुमच्या अन् आईच्या पाया पडते. मी बरी हाय. इथं भात मिळतो, भाकर न्हाई. घोटा जरा सुजलाय, पण चालता येतंय.

पंधराशे मीटरची फायनल एका नंबरानं हुकली. खरं कारण कोचला सांगितलं न्हाई, तुमाला सांगते. जागतिक स्पर्धेतबी शेवटच्या फेरीला घंटी वाजवतात. ती ऐकून मला वाटलं, आपली चंद्री शेळी कुणाच्या ज्वारीत घुसली. मी मागं वळून बघितलं अन् दोघी पुढं गेल्या!

चंद्रीला मारू नका, तिची घंटीबी काढू नका. आल्यावर ती मागं वाजत ठेवून मी माळावर पळणार हाय. वळले तर तुमालाच ओरडावं लागंल, तवा खोकल्याचं औषध टाळू नका.

तुमची योगिता