बोक्याचा दात आणि ताईचं ‘मीच आणलं’

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, पोटाला नळी असल्यामुळे पालथं पडायची मनाई आहे). तुझे गुडघे काय म्हणतात? मी बरा आहे, म्हणजे आता बरा आहे.

मूत्रपिंडांनी राजीनामा दिल्यापासून मी दिवसातून चार वेळा पोटात औषधी पाणी भरतो आणि काही तासांनी पिशवीत काढतो, हे तुला ठाऊकच आहे. नियम काटेकोर पाळतो: खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, कोपरापर्यंत साबण. फक्त पलंगाखाली बोका असायचा, एवढंच (तो मास्क लावत नाही). मागच्या महिन्यात त्याने हलत्या नळीला दात लावला. थेंब थेंब गळायला लागलं, आणि मी, जन्मभर सायकलींची पंक्चरं काढलेला माणूस, त्यावर चिकटपट्टी लावून मोकळा झालो. दोन दिवसांनी पोट असं दुखायला लागलं की विचारू नकोस. पिशवीत उतरलं ते तांदळाच्या धुवणासारखं गढूळ.

इस्पितळात नर्सबाईंनी माझी चिकटपट्टी दोन बोटांत धरून सगळ्या वॉर्डाला दाखवली. पाणी तपासायला गेलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “आजोबा, घरात मांजर आहे?” मी म्हटलं, “मांजर? कुठलं मांजर?” आणि ताई, मला एकदम आपली मागची खोली दिसली. बाबा दारात उभे, तुझ्या दप्तरात ते भिजलेलं पिल्लू, माझ्या नाकावर ताजा ओरखडा, आणि मी अगदी ह्याच सुरात, “मांजर? कुठलं मांजर?” तेवढ्यात दप्तर म्याँव म्हणालं. पिल्लू आणलं होतं मी. तू मात्र पुढे होऊन म्हणालीस, “मीच आणलं,” आणि दोन धपाटे खाल्लेस. पुढे ते नऊ वर्षं तुझ्या पायाशी झोपलं. फार आठवण येते गं त्या खोलीची, आणि तुझीही.

ह्या वेळी दप्तराचं काम पाण्यात सापडलेल्या जंतूने केलं. तो मांजराच्या तोंडात राहतो, माणसाच्या पोटात सहसा सापडत नाही. डॉक्टरीणबाईंनी अशी केस पुस्तकातच वाचली होती. (शिकाऊ डॉक्टर रांगेने माझं पोट बघून गेले. दुकानात एवढं गिऱ्हाईक कधी नव्हतं.) बाहेरची नळी बदलली, आणि तीन आठवडे पिशवीच्या पाण्यातूनच पोटात औषध सोडलं. पाणी आता नितळ उतरतं. पण पुन्हा असं झालं तर पोटातली नळी काढणार, मग आठवड्यातून तीनदा इस्पितळातल्या मशीनला जोडून घ्यायचं. म्हणजे दुकान बंदच. तेव्हा बोका घरात नको, असं बाईंनी बजावलं आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. – रविवारी टोपली घेऊन येतो. ठेवून घेशील ना त्याला? खातो कमी, झोपतो जास्त, माझ्यासारखाच. पायाशी झोपायची सवय आहे, ती मोडू नकोस.

आणखी ता. क. – बाईंना मी सांगितलंय की बोका माझा नाहीच, ताई मुक्कामाला आली तेव्हा घेऊन आली होती. खात्री करायला त्या तुला फोन करणार आहेत. काय म्हणायचं ते तुला पाठ आहेच.