आगाऊ हजेरी

रविवार, ७ जानेवारी १९५१

नवं रजिस्टर आलं! निजाम गेला, आता गावचं दप्तर मराठीत ठेवा, असा हुकूम आहे. आणि यांचं सगळं शिक्षण उर्दूत! मराठी बोलतात फर्डी, पण लिहायला बसले की घाम फुटतो. तेव्हा पोलीस पाटलांचं दप्तर आलं पाटलीणबाईंकडे. मी माहेरी येवल्याला सातवीपर्यंत शिकले, त्याचं एकदाचं चीज झालं.

जुनं उर्दूतलं रजिस्टर हे वाचत होते, मी उतरवत होते. पारध्यांच्या हजेरीचं. ओढ्यापलीकडं पारध्याचं एकच बिऱ्हाड आहे — फकिरा आणि त्याची बायको सारजा. फकिरानं रोज दिवस उगवता आणि मावळता आमच्या ओट्यावर येऊन अंगठा उठवायचा. गाव सोडून कुठं गेला नाही, याची खूण.

रकाने असे — नाव, बापाचं नाव, जात, गुन्हा. गुन्ह्याच्या रकान्यात नुसती रेघ. मी म्हटलं, लिहायचं राहिलं वाटतं. तर हे म्हणाले, "राहिलं नाही. जात लिहिली ना? मग झालं."

झालं कसं? पुन्हा विचारलं तर — "वकीलीणबाई, उतरवा मुकाट्यानं."

मंगळवार, ९ जानेवारी

सकाळी फकिरा आला तेव्हा त्यालाच विचारलं. "तू केलं होतंस तरी काय रे?"

हसला. "म्या? काय नाय बाई. बापाचं नाव व्हतं. बाप मेला, मंग माझं आलं."

"आणि बापानं काय केलं होतं?"

"ते बी कुणी इचारलं नाय." अंगठा धोतराला पुसला आणि गेला. मला मात्र दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

गुरुवार, ११ जानेवारी

जेवताना यांना विचारलं, तुम्ही पाटील झाल्यापासून गावात चोऱ्या किती झाल्या? बोटांवर मोजल्या — पाच. तीन घरच्याच माणसांनी केलेल्या, दोन कधी उलगडल्याच नाहीत. फकिराची एकही नाही. मग पहिल्यांदा धरलं कोणाला? "पाची वेळा फकिरालाच," म्हणाले, आणि घास हातातच राहिला. त्यांनाही नवल वाटलं असावं! मग म्हणाले, ठाण्यावरून आधी तेच विचारतात, पारधी कुठं आहे म्हणून.

रविवार, २१ जानेवारी

ज्वारी भरात आली. ओढ्याकडच्या शेतात रानडुकरं शिरतात, म्हणून यांनी फकिराला रात्रीच्या राखणीला माळ्यावर बसवलंय. शेत लांब. सांजसकाळ हजेरीला ये-जा करील तर राखण कोण करील? यांनी तोड काढली — आठवड्याचे अंगठे आजच उठवायचे! चौदा अंगठे एका दमात. फकिरा म्हणाला, "बाई, अंगठा झिजला की वो!" आम्ही तिघंही हसलो. प्रत्येक अंगठ्यापुढं मी 'हजर' लिहिलं. शनिवार अजून उजाडायचा आहे आणि फकिरा शनिवारी हजर!

बुधवार, २४ जानेवारी

पलीकडच्या गावात काल रात्री वाण्याचं घर फोडलं. दुपारी फौजदार आले ते थेट ओढ्यावर गेले. फकिराला माळ्यावरून उतरवलं, दोरी बांधून आमच्या दारावरून नेलं.

काल संध्याकाळी मीच त्याला शेतावर भाकरी धाडली होती. आज पहाटे हे शेतात गेले तेव्हा तो माळ्याखाली शेकत बसला होता. म्हणजे तो नाही. मग हे ओट्यावर उभे असून फौजदारांना बोलले का नाहीत?

सारजा येऊन बसली. "बाई, पाटलाला म्हणावं येक शबुद बोला. माझा धनी तुमच्याच रानात व्हता." आत हे ऐकत होते. बाहेर आले नाहीत.

गुरुवार, २५ जानेवारी

हे का बोलले नाहीत, ते कळलं! रजिस्टर उघडलं. फकिरा काल दुपारपासून कोठडीत आणि आमच्या रजिस्टरात आज हजर, उद्या हजर, परवा हजर — अंगठ्यासकट. तो रात्री शेतात होता म्हणावं, तर फौजदार आधी रजिस्टर मागणार; आणि ते पाहिलं तर यांची पाटीलकी गेली म्हणून समजा. तीन पिढ्यांची पाटीलकी.

शुक्रवार, २६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन झालं. यांनीच दोरी ओढली.

घरी आल्यावर म्हणाले, उद्या फौजदार रजिस्टर पाहायला येणार. ते पान काढून टाक, नवं लिही, अंगठे मी उठवतो. मंगळवारी संध्याकाळी फकिरा गैरहजर, असं. म्हणजे पाटील सावध होता, पारधीच पळाला. "त्याला तुरुंग नवा नाही. चार-सहा महिन्यांत येईल माघारी."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी देतात होय? मी म्हटलं, तुम्हीच लिहा. बोलून गेले आणि जीभ चावली. यांना येत नाही, म्हणून तर मला म्हणताहेत. राग आला, आणि यांची कीवही आली. माणूस वाईट नाही हो! घाबरलाय.

शनिवार, २७ जानेवारी

लिहिलं. त्याच पानाखाली — "वरील हजेरी रविवारी आगाऊ भरली आहे. फकिरा रविवारपासून बुधवार दुपारपर्यंत हजेरीला आला नाही, कारण पाटलांच्या सांगण्यावरून तो त्यांच्याच शेतात राखणीला होता. मंगळवारी रात्रीही तिथंच होता. — आवडाबाई, पाटलांचं कुटुंब." अक्षर बरं आलं.

फौजदारांनी वाचलं. "आजही हजर! माझ्या कोठडीतून येऊन अंगठा देऊन गेला का?" मग मला विचारलं, हे खरं? मी म्हटलं, अक्षर माझं आणि गोष्टही खरी. रजिस्टर काखेत मारून म्हणाले, "बाई, मोठं काम सोपं केलंत." कोणतं काम, ते विचारायला हवं होतं. धीर झाला नाही.

हे जेवले नाहीत. भीती वाटते आहे आणि बरंही वाटतं आहे. सारजाला निरोप धाडला — काळजी करू नको.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

निकाल लागला. घरफोडीतून फकिरा सुटला. यांना ताकीद देऊन सोडलं, पाटीलकी शाबूत. हजेरी चुकवणं हाच पारध्याचा गुन्हा धरतात म्हणे — त्याबद्दल फकिराला तीन महिने सक्तमजुरी. मी इतकं सगळं विचारत बसले, हजेरी चुकली तर काय, तेवढं मात्र विचारलं नाही. पुरावा म्हणून कोर्टात माझंच लिहिलेलं वाचून दाखवलं.