ताईचा रंग

४ तारीख, रविवार

आज ताईकडे राहायला आले. खोली लहान आहे, पण खिडकी मोठी, आणि खिडकीखाली टेबल. ताईने ते मुद्दाम तिथे सरकवून ठेवलं होतं. बाबांचं टेबलही उजेडाला असंच चिकटलेलं असायचं, असं म्हणाली. भावोजींनी माझ्या दोन्ही बॅगा वर आणल्या आणि विचारलं, मेहुणीबाई, दात भरून आणलेत की काय. उद्यापासून मी कृत्रिम दात बनवणाऱ्या लॅबमध्ये रुजू होते. शेजारच्या दाताशी नव्याचा रंग जुळवणं, एवढंच माझं काम.

बॅगेच्या तळाशी बाबांची रंगपेटी आहे. अंगठ्याएवढे पुतळे रंगवायला त्यांनीच आम्हा दोघींना शिकवलं. ताईने ते लवकर सोडलं, मी बाबा गेल्यावर. नऊ वर्षं झाली. आता पुन्हा सुरू करायचं, आणि या वेळी नीट. काय मिसळलं, किती पातळ केलं, कुठे चुकलं, सगळं या वहीत लिहायचं. एक थर वाळायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात लिहून होतं.

६ तारीख, मंगळवार

लॅबमधून येताना छंदाच्या सामानाचं दुकान सापडलं. एक पुतळा घेतला: खुर्चीत टेकून बसलेली बाई, एक हात गुडघ्यावर. घासून, पुसून करडं अस्तर दिलं. अस्तराशिवाय रंग धरत नाही.

ताईने तो तळहातावर घेतला आणि म्हणाली, ही तर मीच, दिवसभर तुमची उष्टी काढून दमलेली. तेव्हा ठरलं, ताईलाच रंगवायचं. तिचा निळा स्वेटरही रंगवायचा.

कातडीसाठी: तांबूस तपकिरी दोन थेंब, पिवळी माती एक, पांढरा सुईच्या टोकाएवढा. दुधासारखं पातळ. ताईला समोर बसवलं, तर दर दोन मिनिटांनी तिच्या नाकाला खाज सुटते. भावोजी म्हणाले, मेहुणीबाई दिवसा लोकांचे दात रंगवतात आणि संध्याकाळी अख्खी माणसं.

१० तारीख, शनिवार

सुट्टी. दुपारभर काम केलं. बाबा म्हणायचे, आधी उजेड ठरव, मग रंग उचल. उजेड डावीकडून, वरून येतो असं ठरवलं. डाव्या गालावर, डाव्या खांद्यावर फिकट कडा दिल्या. नऊ वर्षांनी हात इतका ऐकेल असं वाटलं नव्हतं. भुवया थोड्या जाड झाल्या. डोळे मात्र समान आले, हे पहिल्यांदाच.

एक बारीकसं लिहून ठेवते. चहाच्या वेळी ताई दारात उभी होती. खिडकी तिच्या उजवीकडे, आणि उजळलेला होता तो डावा गाल. भिंतीवरून उजेड परतला असेल.

११ तारीख, रविवार

परतलेला उजेड नाही. काही ना काही निमित्त काढून ताईला तीनदा वळवलं. कशीही उभी राहिली तरी डावा गालच उजळ. ती म्हणाली, मी भिंगरी आहे का. शेवटी सांगितलं. तिने आरशात पाहिलं आणि म्हणाली, बरं झालं, बारीक दिसते. भावोजी कामासाठी दोन आठवडे बाहेरगावी गेले. त्यांच्या काही लक्षात आलं नव्हतं.

मला चैन पडेना. उजेड जास्त झाला असणार, म्हणून पुतळ्यावर सावलीचं पाणी सोडलं. म्हणजे काळा रंग पुष्कळ पाण्यात. तो घड्यांत जाऊन बसतो. ब्रश जास्त भरला गेला. डोळ्यांखाली ओघळ साचला. टिपून घेईपर्यंत वाळला.

ताई दुपारी झोपून उठली. डोळ्यांखाली काळं. नाकाच्या दोन्ही बाजूंच्या रेषांतही.

१४ तारीख, बुधवार

साबणाने जात नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दगदग कमी करा. लॅबमध्ये आज दोन दातांचे रंग चुकले. माझे रंग चुकत नाहीत.

वरून नवा थर देऊन झाकता येईल. पण जाड थराखाली नाकडोळे बुजतात. आणि बाबांची शिस्त होती: चूक झाकायची नाही, मुळापासून काढायची. ताईला विचारलं. ती हसली नाही. माझ्या हातांकडे पाहून म्हणाली, तू करशील ते नीटच करशील.

शनिवारी पुतळा स्पिरिटमध्ये बुडवून सगळा रंग काढायचा. पुन्हा पहिल्यापासून.

१७ तारीख, शनिवार

तीन वाजता बुडवला. पावणेचारला दातांच्या ब्रशने घासला. रंग सालीसारखा सुटला. खाली अस्तर, स्वच्छ. मला बरं वाटलं. हे लिहायलाच हवं: मला बरं वाटलं.

मग ताईने स्वयंपाकघरातून हाक मारली. आज इतक्या लवकर अंधार कसा झाला, म्हणून विचारत होती.

बाहेर लख्ख ऊन होतं.

ती ओट्याला धरून उभी होती. करडी. हात, केस, स्वेटर, ओठ, बोलताना दिसणारी जीभ. डोळ्यांच्या जागी नुसता उंचवटा. मी म्हटलं, आभाळ आलंय. तिला खुर्चीत बसवलं. ती माझा हात सोडेना —

१८ तारीख, रविवार

उजाडल्यापासून टेबलाशी आहे. वहीत रंगांचं माप आहे. चेहऱ्याचं नाही. तिची हनुवटी कशी, वरचा ओठ किती पातळ — रोज पाहिलेला चेहरा, आणि आठवत नाही. फोटो काढून पाहिले. सगळ्या फोटोंत ती करडी.

आई म्हणायची, दोघी एका साच्यातल्या. टेबलावर आरसा ठेवला. माझं पाहून तिचं काढते आहे.

कपाळ झालं. खुर्चीत ताईच्या कपाळावर रंग चढला. मी ओरडणारच होते, मग आरशात पाहिलं.

माझं कपाळ —

करडं.

दहा मिनिटं. वाळलं. गाल. दोन्ही. ताई म्हणते, ऊब लागते आहे, आभाळ गेलं का. हो म्हटलं. तिला सांगितलं नाही. सांगितलं तर ती बसणार नाही.

ओठ झाले. माझ्या तोंडाला आता चव नाही. ताई विचारते, गप्प का.

मान, हात. डावा हात. उजवा मनगटापर्यंतच, बोटं सोडली आहेत, ब्रश धरायला लागतात. तिची उजवी बोटं करडी राहतील. ते माझ्याच्याने झालं नाही, लिहून ठेवते.

डोळे राहिले.

उजवा रंगवला. ताईने पापणी मिटली, उघडली. खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. वहीची उजवी बाजू मला दिसत नाही, ओळी कुठे संपतात ते —

ताई उठून आली आहे. माझा चेहरा चाचपते आहे. म्हणते, पुरे, एका डोळ्याने माझं भागेल, ठेव खाली. रडते आहे, एकाच डोळ्याने. मी म्हटलं, अर्धं सोडायचं नसतं. ती म्हणते, वेडे, हे काय दात आहेत का लोकांचे.

मनगट धरलं आहे तिने. करड्या बोटांना जोर नाही.

पांढरा भरला. तपकिरी गोल भरला. आता मधला ठिपका. काळा, पाणी न घालता, एकदाच टेकवायचा —

टेकवला. वाळेपर्यंत लिहिते. ताई काहीतरी बोलते आहे, माझ्याकडे पाहून असेल. ओळीवर आहे की नाही कळत ना